कागदाखालचं नाव

नेत्राचा फोन सोमवारी सकाळी आला तेव्हा मी यांना पेज भरवत होते. "आजी, जरा शेडवर येऊन जाल का? फोनवर नको," ती म्हणाली, आणि चमचा माझ्या हातात तसाच राहिला. पंचाहत्तर वर्षांत मी एवढं शिकले आहे, की चांगली बातमी असली तर माणूस फोनवर सांगायला लाजत नाही.

हे म्हणजे माझे मिस्टर, अकबर होडेकर. सत्तावीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्टुअर्ड होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एकच शब्द राहिला, "हो". चहा हवा का? हो. नको का? हो. दुखतंय का? तरी हो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांना कळतं सगळं, पण तोंडापर्यंत येईस्तोवर शब्द बदलतो. त्यांच्या 'हो'वर विसंबू नका." म्हणून आम्ही आमची एक रीत बसवली होती. पेज आणि चहा दोन्ही समोर ठेवायचं. डावा हात ज्याला लागेल ते खरं.

माझी नात महरीन घरी होती. तिला यांच्यापाशी बसवलं आणि कोकणनगरातून रिक्षा करून मी मिरकरवाड्याला गेले.

नेत्रा ही दत्ताराम सुताराची मुलगी. बाप होड्या बांधतो. मुलगी बंगळूरला चार वर्षं गिटार बांधायला शिकली आणि परत येऊन बापाच्याच शेडच्या अर्ध्या भागात दुकान थाटून बसली. इकडे फळ्या, रंधा, करवत. तिकडे टांगलेल्या गिटारी. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या माळ्यावरची, यांनी जहाजावरून आणलेली जुनी गिटार महरीननं खाली काढली आणि हिच्याकडे नेऊन दिली. "दादी, ही काय आहे ते तरी कळू दे. आणि वाजती झाली तर मी वाजवीन." मी हो म्हटलं. तेव्हा मला भीती वाटली नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही.

गिटार टेबलावर उताणी पडली होती. तारा काढलेल्या.

"आजी, आधी एक सांगा," नेत्रा म्हणाली. "हिच्या पोटात तुम्ही काय ओतलंत?"

"तेल."

"कसलं?"

"मुशी माशाचं. होडीला देतात ते. दर मे महिन्यात चमचाभर."

पलीकडून दत्तारामचा रंधा थांबला. "काय भाबी! होडीला तेल देतात ती पाण्यात उतरते म्हणून. ही खय जाणार होती, हर्णैला?"

त्याच्या हसण्यात मीही हसले. पण मला तेव्हाही हे चूक वाटत नव्हतं. माझं माहेर राजिवड्याचं. बाबांचे दोन मचवे होते. मे संपता संपता मचवे वर ओढले, की तेलाचा डबा उघडायचा आणि त्या दिवशी घरातल्या प्रत्येक लाकडाला तेल मिळायचं. पाळणा, शिडी, विळीचा पाट, नमाजाच्या खोलीचं दार. हाताचा वास आठवडाभर जायचा नाही आणि आम्हा बहिणींना जेवताना एकमेकींच्या हाताची किळस यायची. पावसाआधी तेल न दिलेलं लाकूड म्हणजे ज्याच्याकडे कुणी बघत नाही असं पोर, असं आई म्हणायची. मग परदेशातून आलेली वस्तू मी कोरडी कशी ठेवणार?

"तेलकट लाकडाला सरस धरत नाही," नेत्रा सांगत होती. "पाठ कडेनं सुटत चाललीय. मानही पुढं झुकलीय. वाफ देऊन ती सोडवायची आणि पुन्हा बसवायची, पण त्याआधी तेल ओढून काढायला हवं. खडूची भुकटी भरायची, ती तेल पिते, मग झाडून टाकायची, पुन्हा भरायची. महिना जाईल." मग तिनं दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा घेतला आणि भोकातून आत घातला. "हा आकडा दिसतोय? लाकडात ठोकलेला. यावरून साल कळतं. एकोणीसशे बावन्न. अमेरिकेतली आहे. पाठ शिसवीची, तीही ब्राझीलची. आता ते झाड तोडायलाच बंदी आहे. तेल नसतं तर दहा लाखांच्या आसपास गेली असती. आत्ताही पाच-सहा कुठं गेले नाहीत."

आकडा ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण ती माझ्याकडे न बघता बोलत होती.

"मग फोनवर नको असं काय होतं?"

तिनं आवाज उतरवला. "हा कारखाना आत कागद चिकटवत नव्हता. आपलं नाव लाकडातच डागायचा. ते इथं आहे, अगदी स्वच्छ. मग हा कागद कुणी लावला?"

तो कागद मला माहीत होता. भोकाच्या बरोबर खाली, तळाला. त्यावर यांच्या वळणदार अक्षरात 'अकबर हसन होडेकर, रत्नागिरी'. "यांनीच लावला," मी म्हटलं. "जहाजावर सगळे आपल्या वस्तूंवर नाव घालतात."

"घालतात. पण कागद खळीनं चिकटवून, आणि नेमका इथंच?" तिनं छोटी बॅटरी लावली आणि आरसा माझ्या हातात दिला. "तुमच्या तेलानं एक काम केलंय. बघा."

कागद तेल पिऊन पिऊन आरपार झाला होता. यांच्या अक्षरांच्या खाली दुसरी अक्षरं होती, लाकडात चाकूच्या टोकानं कोरलेली. आरशात उलटी दिसत होती. मी आरसा बाजूला ठेवला आणि भोकालाच डोळा लावला. मग ती सरळ झाली.

आत्माराम लवू डोर्लेकर. मिरकरवाडा.

"मिरकरवाड्यातलाच माणूस दिसतोय," नेत्रा म्हणाली. "बाबांना विचारू?"

"नको!"

माझा आवाज मलाच मोठा वाटला. पलीकडचा रंधा पुन्हा थांबला होता. दत्ताराम दहा हातांवर उभा होता, आणि मिरकरवाड्यात आत्माराम डोर्लेकर कोण हे न ठाऊक असलेला साठीचा माणूस सापडायचा नाही.

आत्माराम यांच्यासोबत जहाजावर होता. यांनीच शब्द टाकून त्याला नोकरी लावली होती. एकोणऐंशी साली अटलांटिकमध्ये वादळात तो डेकवरून पडला. प्रेत मिळालं नाही. त्याची बायको आवडाबाई तेव्हा चोवीस वर्षांची होती. आज सत्तरीला आली तरी डोक्यावर टोपली घेऊन फिरते. दर बुधवारी ती आमच्या दारात येते, पायरीवर बसून मासे साफ करून देते आणि माझ्या हातचा चहा पिऊन जाते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं.

तिला वाचता येत नव्हतं. आत्मारामची पत्रं ती माझ्याकडे आणायची आणि मी वाचून दाखवायची. म्हणूनच मला ते वाक्य पाठ आहे. 'बाल्टिमोरला जुन्या सामानाच्या दुकानात एक बाजा घेतला आहे, गिटार म्हणतात, गोव्याचा कुक शिकवतो आहे, पुढल्या खेपेला घेऊन येतो आणि तुझ्या बापाला झोपू देत नाही.' ती तोंडावर पदर घेऊन हसली होती. पुढली खेप झालीच नाही. यांची खेप झाली. यांनी आणलेल्या सामानात जहाजाच्या घोंगडीत गुंडाळलेली एक गिटार होती. "स्वस्तात मिळाली, रॉटरडॅमला," हे म्हणाले. त्याच आठवड्यात कंपनीकडून आत्मारामची पेटी आली, आणि पेटी उघडल्यावर आवडाबाई आमच्या पडवीत येऊन म्हणाली, "अकबरभाय, त्याचा बाजा त्यात नाय." हे म्हणाले, "विकला असेल बंदरात."

मी दोघांच्या मध्ये उभी होते. घोंगडी माझ्या डोक्यावर माळ्यात होती. मला तेव्हा कळलं होतं का? या वयात खोटं कशाला बोलू? कळलं होतं, आणि मी ते कळू दिलं नाही. बाजारात दोन गिटारी असू शकतात, जगात हजार असू शकतात, असं मी माझ्या मनाला सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेले.

पण चोरी एवढीच माझी भीती नव्हती. वादळात आत्मारामला शेवटचं पाहणारे हेच होते, कंपनीच्या चौकशीत यांचाच जबाब झाला होता. पुढं पाच-सहा वर्षांनी राजापूरचा महिपत म्हणून त्याच जहाजावरचा एक खलाशी आमच्याकडे उतरला होता. चहा पिता पिता म्हणाला, "अकबर, तू नि आत्माराम त्या बाज्यावरून काय भांडायचात रे! कॅप्टननं दोघांना दम दिला होता." हे उठले आणि त्याला एसटी चुकेल म्हणून स्टँडवर घेऊन गेले. एसटीला अजून दोन तास होते. तो पुन्हा कधी आला नाही.

यांनी ती गिटार एकदाही वाजवली नाही. मी मे महिन्यात ती खाली काढली, की हे चप्पल घालून बाहेर जायचे.

"नेत्रा," मी म्हटलं, "कागद काढ आणि ते नाव घासून टाक."

तिनं बॅटरी बंद केली. "आजी, गिटार तुमची. पण दुरुस्तीनंतर मी वाद्याचा जो दाखला लिहून देते, त्यात जे दिसेल ते लिहिते. नाहीतर माझ्या दाखल्याला कुणी विचारणार नाही."

"मग दिसायचं बंद कर."

असं मी बोलले. ती तिचं साबण-स्पिरिट आवरू लागली आणि जरा वेळानं म्हणाली, "आज-उद्या पहिली भुकटी भरून ठेवते. कागदाला आणि नावाला गुरुवारी हात लावीन. तोवर मन बदललं तर सांगा."

निघताना दत्तारामनं फळीवरून मान वर केली. "सांभाळून जा, भाबी." नेहमीसारखंच म्हणाला की वेगळं, हे मला रिक्षात बसूनही ठरवता येईना.

दुपारी महरीन क्लासला गेली. मी यांच्या खाटेपाशी खुर्ची ओढली. यांच्या गालावर पेजेचा डाग वाळला होता, तो ओल्या फडक्यानं पुसला. एकोणसाठ वर्षांचा संसार. माणूस असा की कोंबडी कापायची तर शेजारच्या उमेरला बोलवायचा. दुसऱ्यांच्या पोरांचे दाखले, फॉर्म, नोकऱ्या यांचाच उद्योग. हेच हात मी दोन वर्षं रोज साबण लावून धूत होते, आणि आज पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहायची मला भीती वाटत होती.

"अहो," मी म्हटलं, "कागदाखालचं नाव दिसलं."

"हो."

"गिटार आत्मारामची होती."

"हो."

"त्यानं दिली तुम्हाला?"

"हो."

"की तुम्ही घेतलीत? तो गेल्यावर त्याच्या सामानातून?"

"हो."

दोन्हीला हो. मला ठाऊकच होतं. यांना काहीही विचारलं तरी हो येणार, म्हणूनच तिसरा प्रश्न विचारायचा नव्हता. हो आलं असतं, आणि ते खोटं आहे हे मला डॉक्टर सांगत राहिले असते, पण कानांनी ऐकलेलं पुसायचं कसं? समोर ठेवायच्या दोन वस्तूही मला सुचेनात. असल्या प्रश्नासाठी पेज आणि चहा नसतो.

तरी विचारला. तोंडातून निघून गेला.

"तो पडला, की तुम्ही ढकललंत?"

हे माझ्याकडे बघत होते. ओठ हलले. डावी बाजू हलली, उजवी तशीच. मी खुर्चीची कड धरून वाट पाहत होते. बाहेर कुणीतरी नारळ पाडत होतं, एक पडला, मग दुसरा. यांचे ओठ पुन्हा हलले आणि मिटले.

हो आलं नाही.

दोन वर्षांत पहिल्यांदा. मग यांनी मान भिंतीकडे फिरवली. नाही म्हणायचं होतं आणि शब्द नव्हता? की हो म्हणायचं होतं, आणि नेमकं तेच खरं असल्यामुळे म्हणवलं नाही? मी उठले, फडकं धुतलं, पुन्हा धुतलं. मंगळवारी मी यांना भरवलं, पण डोळ्यांत पाहिलं नाही. यांनीही नाही.

बुधवारी दहाच्या सुमाराला फाटक वाजलं.

"भाबी, बांगडे हाडलेत. बघ, डोळे तरी बघ, तुझ्यापेक्षा चकचकीत आहेत." आवडाबाईनं टोपली उतरवून पायरीवर बसकण मारली. "साठाला पाच."

"दे."

तिचा हात थांबला. "दे? भाव करीत नाय? ताप आला काय तुला? की म्हाताऱ्याची पेन्शन वाढली?"

मी हसले नाही. तिनं एक बांगडा घेतला, कल्ले काढले, पोट फाडलं. तिची बोटं आता वाकडी झाली आहेत, तरी कोयता सरळ जातो. मनात आलं, उद्या गुरुवार. उद्या नाव घासलं जाईल. मग दर बुधवारी ही इथं बसेल आणि मी चहा आणून देईन, मरेपर्यंत. आणि दत्तारामनं ऐकलं असेल तर? तर ही एखाद्या बुधवारी यायची नाही, आणि का ते मला कुणी सांगणार नाही.

यातलं जास्त भयंकर काय, ते मला अजूनही सांगता येत नाही. पण मी म्हटलं, "आवडा, आत्मारामचा बाजा माझ्याकडे आहे."

कोयता थांबला नाही. तिनं तो बांगडा पुरा केला, ताटात ठेवला. मग म्हणाली, "कधीपासून?"

"तेव्हापासून."

"माळ्यावर?"

"हो."

"पत्र तूच वाचलंस."

"हो."

आपल्या तोंडातूनही आता तेवढंच निघतंय हे माझ्या लक्षात आलं. तिनं बादलीतल्या पाण्यानं हात धुतले, लुगड्याला पुसले आणि उठली. इतक्या वर्षांत ती पडवीच्या आत आली नव्हती. मासळीचा वास घरात नको, असं तीच म्हणायची. आज ती सरळ आत गेली. मी मागोमाग.

"आवडा, ऐक. ते सगळ्याला हो म्हणतात. काहीही विचार, हो म्हणतात. डॉक्टरनं सांगितलंय."

ती वळली. "म्हणू देत की. तू का घाबरतेस?"

मी सांगत होते ते खरं होतं, आणि ते खोट्यासारखं वाजत होतं.

ती यांच्या खाटेपाशी जमिनीवर बसली. यांनी तिला पाहिलं आणि डावा हात चादरीवर काही तरी शोधू लागला.

"अकबरभाय, माझ्या माणसाचा बाजा तुम्ही घेतलात?"

"हो."

"तो पडला तेव्हा तुम्ही होतात?"

"हो."

आता तिसरा. मी दाराची चौकट धरली. यांनी हो म्हटलं तर ही उरलेला जन्म ते घेऊन फिरेल. गप्प बसले तर सोमवारची शांतता तिलाही कळेल. सोमवारचं मी तिला सांगितलं नव्हतं, आणि सांगायचंही नव्हतं. आवडाबाई यांच्या तोंडाकडे बघत होती. तिचं तोंड उघडलं. यांचे डोळे भरून डाव्या गालावर पाणी आलं, आणि तो हात सरकत येऊन खाटेच्या कडेला, तिच्या खांद्यापाशी, थांबला. शिवला नाही.

तिनं उघडलेलं तोंड मिटलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"नाय विचारत," ती माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली. "दर्यानं नेला असं धरून मी पोरगी वाढवली, तिचं लग्न केलं. आता दुसरं काय ऐकलं तर ते ठेवू खय? मला पण भ्या वाटतं गो."

ती पायरीकडे निघाली. मागोमाग पडवीत येऊन मी नेत्राला फोन लावला. चुकून स्पीकर चालू झाला आणि तो बंद कसा करायचा ते मला सुचेना. "घासू नकोस," मी म्हटलं. "नाव राहू दे. कागद तेवढा काढ."

"बरं झालं, आजी." तिचा श्वास मला ऐकू आला. "मग दाखल्यावर मालक कोण लिहू?"

"आवडाबाई आत्माराम डोर्लेकर."

"दुरुस्ती करायची ना?"

आवडाबाईनं टोपली उचलता उचलता मान हलवली. "करायची," मी सांगितलं.

"आणि अजून एक रकाना असतो," नेत्रा म्हणाली. "एकाकडून दुसऱ्याकडे कशी आली, त्याचा. गिटार होडेकरांकडे कशी आली? तिथं काय लिहू?"

आतून खाट करकरली. मी फोनकडे बघत होते आणि आवडाबाई माझ्याकडे.

"तो मोकळा ठेव म्हणावं," ती म्हणाली. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपली चढवली आणि फाटकापाशी थांबून वळली. "बुधवारी येते."

चहा तिनं घेतला नव्हता. पैसेही नाही. पाचांतला एकच बांगडा साफ केलेला होता, बाकीचे चार ताटात तसेच होते. मी भर दिवसा दाराला कडी घातली. मग दाराला कडी का, असं महरीननं आल्यावर विचारलं तर काय सांगायचं ते सुचेना, म्हणून पुन्हा काढली.